कोपराचं हाड

ताई चहाचा कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो बैठकीच्या खोलीत मधोमध चार पायांवर उभा होता. चष्मा कपाळावर, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढलेला, दोन्ही तळहात फरशीवर सपाट टेकलेले.

"काय हरवलं?" तिने विचारलं.

"काही नाही. कोपर बघतोय."

"कोपर फरशीवर नाही सापडायचं. ऊठ, चहा निवतोय."

तो उठला नाही. त्याने उजवा हात पुढे टाकला, त्यावर अंगाचा भार घेतला, मग डावा पुढे टाकला. हात ताठ ठेवला की तो खांबासारखा अंगाखाली उभा राहत होता. कोपर जरा वाकवून चालून बघितलं, तर दंडाला लगेच कळ लागली. तो तसाच थांबून विचार करू लागला.

"एवढा खाली आहेसच तर सोफ्याखालची माझी चप्पल काढून दे," ताई म्हणाली.

त्याने हात घालून चप्पल ओढली आणि तिच्या पायांशी सरकवली. चपलेची एक कड पार झिजून गेली होती. ती त्याच्या डोळ्यांसमोरूनच गेली, पण त्याला दिसली नाही. ताई टेबलाच्या कडेला हात लावून, मग खुर्चीच्या पाठीला, मग दाराच्या चौकटीला, अशी परत स्वयंपाकघरात गेली. तेही त्याला दिसलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे काल दुपारपासून एकच हाड होतं.

संग्रहालयात त्याला सगळे माकडमामा म्हणत. हे नाव शाळेच्या सहलींना येणाऱ्या पोरांनी पाडलं होतं. हाडं दाखवता दाखवता तो स्वतःच माकड व्हायचा, खुर्चीवरून टेबलावर चढायचा आणि पोरं हसून लोळायची. पुढे रखवालदारापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते नाव बसलं. आता केस पांढरे झाले होते, टेबलावर चढणं बंद झालं होतं, पण नाव तसंच राहिलं होतं.

त्याचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. लाखो वर्षांपूर्वी संपून गेलेली माकडं कशी हिंडत-फिरत असतील हे त्यांच्या हातापायांच्या हाडांवरून ओळखायचं. चुनखडीच्या खाणीत एखादं हाड मिळे, बहुधा अर्धंच. त्या अर्ध्यावर सांध्याची खोबण असे, स्नायू जिथे धरून होता तिथला खरखरीत उंचवटा असे. आज जिवंत असलेल्या माकडांच्या हाडांशेजारी ते ठेवायचं आणि बघत बसायचं. बघत बसणं हेच खरं काम. तो तासन्‌तास बसायचा. बघता बघता हाडाभोवती मांस भरू लागे, मांसावर केस येत, मागे पानांचा हिरवा उजेड पसरे, आणि कुठल्या तरी क्षणी ते जनावर हलायचं.

त्यातली एक त्याची खास होती. तो नोकरीला नवा होता तेव्हा खाणीतून तिचं अर्धं मांडीचं हाड आलं, घोट्याचं एक आलं, आणि दंडाच्या हाडाचा एक तुकडा. मांडीच्या हाडावरून त्याने मांडलं होतं की ही उडी मारणारी असावी, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर लांब झेपावणारी. तिच्या कुळातली आजची माकडंही तशीच, पानं खाणारी, लांब शेपटीची, जमिनीला सहसा पाय न लावणारी. शास्त्रीय नाव लांबलचक होतं, त्यामुळे विभागात तिला सगळे नुसतं 'उडी' म्हणत. "उडीचा डबा कुठंय?" "उडीवर धूळ बसलीय." असं.

उडी त्याच्या झोपेतही यायची. दरवेळी तेच जंगल. झाडं इतकी उंच की खाली जमीन आहे की नाही तेही कळू नये. ती फांदीच्या टोकाशी बसलेली, पाठ त्याच्याकडे. मग पाय आवळायची, आणि सुटायची. त्या सुटण्यात कसलाच आवाज नसे. ती हवेत असतानाच त्याला जाग येई, आणि मग दात घासताना, बसमध्ये, जिने चढताना अंगात कुठेतरी ते हलकेपण उरलेलं असे. त्याने लग्न केलं नाही, घर ताईने सांभाळलं. तिला टेलिफोन कचेरीतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. वाईट असं आयुष्यात काही घडलं नव्हतं. विशेष असंही नाही. फक्त मधूनमधून उडी फांदीवरून सुटायची.

आता संग्रहालयात नवं दालन होत होतं, आणि दालनाच्या मधोमध उडीचा सांगाडा उभा राहणार होता. मिळालेली हाडं खरी, न मिळालेली घडवलेली. मागच्या भिंतभर चित्रकाराने जंगल रंगवलं होतं आणि त्यात, दोन फांद्यांच्या मधे, हवेत, ती.

आणि काल दुपारी सुईवालीने त्याला हाक मारली होती.

सुईवाली म्हणजे दगडातून हाडं मोकळी करणारी बाई. बारीक सुयांनी ती दगडाचा कण अन्‌ कण काढायची. उडीच्याच जागेवरचा एक दगड कोठारात पडून होता. दालनाच्या निमित्ताने त्याला हात लागला, आणि आत कोपराचं हाड निघालं. कोपर टेबलावर टेकवलं की जे टोक टोचतं, ते टोक असलेलं, हाताच्या पुढच्या भागातलं हाड.

"बघा मामा, किती सुरेख आहे," ती म्हणाली होती.

सुरेख होतंच. त्याने ते भिंगाखाली धरलं. टोक मागे झुकलेलं होतं.

झाडावर राहणाऱ्यांचं कोपर सदा वाकलेलं असतं. फांदी धरायची, अंग ओढून घ्यायचं, तर टोक हाडाच्या रेषेत सरळ असावं लागतं. जमिनीवर चालणाऱ्यांचा हात ताठ असतो, आणि ताठ हातालाही मागून स्नायूने नीट ओढावं म्हणून ते टोक मागे वळतं. हे तो पोरांना इतक्या वेळा सांगत आला होता की झोपेतही सांगितलं असतं. त्याने दंडाच्या हाडाचा जुना तुकडा काढून कोपराशी जुळवला. खोबणीत खोबण अशी बसली की जणू कालच सुटली होती. त्या जुन्या तुकड्यावरही कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा आखूड आणि मागे वळलेला होता. अर्धा तुटलेला म्हणून इतकी वर्षं त्याने तो मोजला नव्हता.

"सांगायचं ना सगळ्यांना?" सुईवालीने विचारलं होतं.

"थांब जरा," तो म्हणाला होता. "बघू दे मला."

म्हणून आज सकाळी तो चार पायांवर होता. काहीतरी पळवाट सापडते का ते बघत.

तो संग्रहालयात पोचला, हाड पुन्हा हातात घेतलं, आणि फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या. ताई न्हाणीघरात पडली होती. उठता येत नव्हतं. त्यांनी गाडी बोलावली होती, दवाखान्यात थेट ये म्हणाल्या.

दवाखान्याच्या लांब मार्गिकेत त्याच्या हातात एक पिशवी देण्यात आली. ताईचे कपडे, चष्मा, चपला. तो बाकावर बसला आणि काही करायला नव्हतं म्हणून पिशवीत बघत राहिला. मग त्याने चपला बाहेर काढल्या. उजवीची बाहेरची कड कागदासारखी झाली होती. डावी जवळजवळ नवी. त्याने त्या शेजारी शेजारी धरल्या. अशी झीज एका दिवसात होत नाही. महिने लागतात. त्याच्या मनाने, सवयीने, हिशेब आपोआप सुरू केला होता: भार एका बाजूला टाकून, डावा पाय जपत, पाऊल आखूड टाकत.

शल्यविशारद तरुण होती, भरभर बोलणारी. तिने उजेडाच्या फळीवर एक्स-रेचं चित्र लावलं. "खुब्याजवळ मोडलंय. उद्या सकाळी ऑपरेशन करू. पण सांधा आधीपासूनच झिजलेला दिसतोय. बरेच दिवस दुखत असणार. लंगडत होत्या का?"

तो चित्राकडे बघत राहिला.

"घरी कोण असतं त्यांच्याबरोबर?"

"मी."

"मग? चालताना काही फरक जाणवला होता?"

ज्या जनावराला कोणीही जिवंत बघितलं नाही ते कसं चालत होतं, हे विचारायला त्याच्याकडे दूरदूरची माणसं येत. तो त्यांना सांगे. त्याने चपला पिशवीत घातल्या आणि पिशवीचे बंद आवळले. शल्यविशारदेला वाटलं भाऊ घाबरलाय. तिने आवाज जरा मऊ केला. "बसा तुम्ही. पाणी घ्या. होतील बऱ्या."

"हे काय आहे?" त्याने एकदम विचारलं. पूर्ण पायाचं चित्र होतं ते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला जे बारीक हाड असतं, त्यावर मधोमध एक फुगवटा होता, झाडाच्या फांदीवर गाठ असते तसा.

"ते फार जुनं. कधीतरी मोडून आपोआप जुळलेलं. तेव्हा कोणी नीट बसवलंही नसावं. त्याचा आत्ताशी संबंध नाही."

त्याने ते हाड बराच वेळ बघितलं. जन्मापासून तो या बाईबरोबर राहत होता, आणि तिचं हाड मोडलेलं त्याला ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई उशीला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण डोळे जागे. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा पलंगावर आला होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. तो खुर्ची ओढून बसला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"हो."

"खोटं. तुझं तोंड बघ केवढंसं झालंय."

"ताई, तुला दुखत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तू 'हं' म्हणालास."

तो खाली बघू लागला. तिने त्याच्या हातावर चापटी मारली. "अरे, चिडून नाही सांगत. तू ऐकत नसलास की मला बरं असतं. घरात बडबडायला कोणीतरी लागतं, उत्तर द्यायलाच हवं असं थोडंच आहे?"

 मग त्याने चित्राच्या पाकिटातून ती काळी फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "आणि हे? हे कधी मोडलं होतं?"

तिने डोळे बारीक केले. "अगं बाई. अजून दिसतं ते?"

आदल्या रात्रभर त्याने मनात त्या हाडाची गोष्ट रचली होती. आई गेली तेव्हा तो अगदी लहान होता. ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, जिने चढली, उतरली. कधीतरी त्याला घेऊन ती घसरली असेल, त्याला सोडलं नसेल, कठडा धरला नसेल. आणि कोणाला सांगितलं नसेल. सगळं खोबणीत बसत होतं.

"माझ्यामुळे ना?" तो म्हणाला. "मला घेऊन पडलीस."

ताई बघत राहिली आणि मग हसायला लागली. टाक्यांवर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी मान वळवून बघू लागली.

"तुझ्यामुळे? जगातलं सगळं तुझ्यामुळेच होतं का रे? उडी मारली होती मी."

"उडी?"

"टेलिफोन कचेरीत नवीन लागले होते तेव्हा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मुली गच्चीवर जायचो. शेजारच्या इमारतीची गच्ची अगदी जवळ होती, मधे एक बोळ. रोज बघायचे मी. रोज वाटायचं, येईल मारता."

"आणि मारलीस?"

"एक दिवस मारली. सगळ्या खाली गेल्या होत्या. साडी खोचली, मागे गेले, पळत आले आणि मारली."

"ताई, खाली बघितलं असतंस तर..."

"बघितलं ना. हवेत असताना बघितलं. बोळातून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. त्याच्या टोपीचा वरचा भाग दिसला." ती थांबली. उन्हाचा पट्टा तिच्या हातावर आला होता. "पोचले नीट. टेकताना पाय वाकडा पडला, एवढंच. घरी सांगितलं जिन्यावर घसरले. महिनाभर तेल लावून चोळत होते, नि मग विसरून गेले."

 लहानपणापासून त्याने तिला घरातल्या फरशीवरूनच चालताना बघितलं होतं, या खोलीतून त्या खोलीत.

"पलीकडे कोण होतं?" त्याने शेवटी विचारलं.

"पलीकडे? वाळत घातलेल्या चादरी होत्या."

"नुसत्या चादरी?"

"नुसत्या चादरी," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. ती हसत होती की नाही ते त्याला दिसलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग तीच म्हणाली, "परवा सकाळी तू फरशीवर काय करत होतास?"

मग त्याने सांगितलं. खरं म्हणजे त्याने कोणालाही पहिल्यांदाच सांगितलं. टोक मागे वळलंय. ती जमिनीवर चालायची. कधीमधी झाडावर जात असेल, झोपायला, फळाबिळासाठी. पण तिचा दिवस जमिनीवर जायचा. मांडीच्या हाडावरून त्याने जे काढलं होतं ते पळण्यालाही तितकंच लागू पडत होतं. दालन उघडायला आलंय, भिंत रंगवून झालीय, आणि हाड त्याच्या टेबलाच्या खणात आहे.

ताईने सगळं ऐकलं. "का उतरली असेल ती खाली?"

"झाडं विरळ झाली असतील. किंवा खाली खायला जास्त मिळत असेल. हाडावरून कसं ते कळतं. का ते नाही कळत."

"तुला वाईट वाटतंय."

"थोडं."

"उडी मारणारीला इतकी वर्षं जीव लावलास. चालणारीने काय घोडं मारलंय?"

दोन दिवसांनी त्याने खण उघडला आणि हाड नेऊन प्रमुखांच्या टेबलावर ठेवलं. प्रमुखांनी डोक्याला हात लावला, दोनदा "मामा, आत्ता?" म्हणाले, मग भिंग मागितलं. भिंगातून बघितल्यावर म्हणाले, "चित्रकाराला तुम्हीच सांगा." सुईवाली दारात उभी होती. ती नुसती मान डोलावून कामाला निघून गेली.

चित्रकाराला सांगणं जास्त जड गेलं. तो शिडीवर होता, दाढीला हिरवा रंग लागलेला.

"म्हणजे माकड पुसायचं?"

"पुसायचं नाही. खाली आणायचं."

"शेपटीला अख्खा पावसाळा गेलाय माझा!"

"शेपटी असू दे. शेपटी होतीच तिला."

चित्रकार शिडीवरून उतरला, त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ ब्रश धूत बसला आणि शेवटी म्हणाला, "गवत केवढं उंच होतं तेव्हा? की तेही तुमचं ठरलं नाहीये?"

त्या रात्री जंगल आलं. झाडं तशीच उंच होती, पण या वेळी जमीन होती. खोडाच्या पायथ्याशी ती उभी होती, चार पायांवर, हात ताठ. तिच्यापुढे उजेड होता आणि उजेडात गवत हलत होतं. ती घाई करत नव्हती. एक हात उचलला, पुढे ठेवला. मग दुसरा. त्याला वाटलं आता जाग येईल, पण आली नाही. ती चालत राहिली, गवत तिच्या मागे मिटत गेलं, आणि तो तिच्या मागोमाग कितीतरी लांब गेला.

दालन उघडलं त्या दिवशी गर्दी झाली, भाषणं झाली. ताईने यायला नकार दिला. "तुझ्या माकडाला बघायला येईन, माणसांना नाही," म्हणाली. म्हणून तो तिला पुढच्या आठवड्यात, एका संध्याकाळी, बंद व्हायच्या वेळी घेऊन आला. ती आधाराची चौकट हातात घेऊन चालत होती, चार रबरी पायांची, आधी चौकट पुढे, मग डावा पाय, मग उजवा. दारापासून दालनापर्यंत यायला बराच वेळ लागला. पूर्वी तो नेहमी चार पावलं पुढे असायचा आणि वळून "चल ना" म्हणायचा. आता तो तिच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे होता, आणि तिचा खुबा कसा वर उचलला जातो, पाऊल टेकताना ती श्वास कसा धरते, ते बघत होता.

सांगाडा दिव्याखाली उभा होता. हात ताठ, एक पुढे टाकलेला. मागच्या भिंतीवर गवत, आणि वर, झाडांत, एक रिकामी फांदी. चित्रकाराने ती किंचित वाकवून रंगवली होती, जणू कोणी आत्ताच तिच्यावरून गेलं आहे. हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

ताई चौकटीला टेकून बघत राहिली. "लहानशीच आहे रे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं मोठी असेल." आणि जरा वेळाने, "कुठे निघालीय ही?"

"माहीत नाही."

"चांगली चाललीय पण."

परत निघाले तेव्हा बाहेरच्या मार्गिकेत झाडणारी बाई फरशी पुसत होती. सगळी मार्गिका ओली, दिव्यांची प्रतिबिंबं तिच्यात लांबलचक पडलेली. त्यांना बघून तिने पोछा बादलीत टाकला.

"थांबू का आम्ही? वाळेपर्यंत?" त्याने विचारलं.

"कशाला थांबता? या तुम्ही. सावकाश या आजी, निसरडं आहे."

ताईने चौकट पुढे ठेवली. मग डावा पाय. मग उजवा. तो तिच्या कोपराशी हात धरून होता, आधार न देता, नुसता जवळ. ओल्या फरशीवर त्याच्या पावलांशेजारी तिच्या खुणा उमटत होत्या: चार ठिपके, एक पुसट पाऊल, एक ठसठशीत. पुन्हा चार ठिपके. त्या दोघांनी मागे वळून बघितलं नाही. मार्गिकेच्या टोकाला जाऊन ते वळले आणि दिसेनासे झाले, तरी चौकटीचा ठक्क ठक्क आवाज येत होता.

बाईने पोछा पिळला, पण पुढे सरकवला नाही. भिंतीला टेकून ती त्या खुणा एकेक करून वाळताना बघत उभी राहिली.